चूक कबूल करण्याचा प्रवेश

मंदीच्या दुसऱ्या वर्षी दुबईतल्या आमच्या मंडळाने एक एकांकिका बसवली. पुण्यात शिकायला आलेल्या एका आफ्रिकन विद्यार्थ्याला पोलीस संशयावरून पकडतात, चौकीत मारतात आणि मार असह्य होऊन तो न केलेली चोरी कबूल करतो. पोलीस पुण्याचे असल्यामुळे इथे हरकत येणार नाही, हे मी आधीच पाहून घेतलं होतं. सामान, कपडेपट, प्रॉम्प्टिंग आणि दिव्यांच्या खुणा माझ्याकडे होत्या.

विद्यार्थी कोण, हे वाचनाआधीच ठरलं. आमच्यातला एक साइट इंजिनिअर सगळ्यांत काळा होता. "मेकअपचे पन्नास दिरहम वाचले, म्हणजे साडेसहाशे रुपये," पोलीस झालेला बँकवाला म्हणाला. इंजिनिअरही हसला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधलं त्याचं काम बंद पडून नोकरी गेली होती. सामान कार्गोने पुढे गेलं होतं. मुलीची परीक्षा संपली की तिघं कायमचे परतणार होते. तोवर घरात डोकं फिरेल म्हणून तो तालमींना यायचा.

शेवटच्या तालमीला तो दिग्दर्शिकेला म्हणाला, "ताई, ते 'साब, गलती हो गई' काढू या का?"

"अरे, त्या वाक्यावर मार थांबतो. पुढचं नाटक तिथूनच आहे."

"माझी मुलगी समोर बसणार आहे. वर्गातली मुलं तिला रंगावरून चिडवतात. एकदा उलट बोलली, तर टीचरने तिलाच सॉरी म्हणायला लावलं."

"पण हा तू नाहीस रे, तो विद्यार्थी आहे."

"मग मलाच का घेतलंत?"

दिग्दर्शिका संहिता चाळू लागली. "हबीबी, मनावर घेऊ नकोस," बँकवाला म्हणाला. "चार फटके खा, चूक झाली म्हण, खलास."

वाक्य राहिलं.

प्रयोगाला शाळेचं सभागृह भरलं होतं. पोलीस विद्यार्थ्याला डांबर म्हणतो, कोळसा म्हणतो, तिथे लोक अस्वस्थ होतील असा दिग्दर्शिकेचा अंदाज होता. लोक हसले. पहिल्या रांगेत आईशेजारी बसलेली मुलगी मला विंगेतून दिसत होती. ती हसत नव्हती.

वेताचा मार सुरू झाला. इंजिनिअर गुडघ्यांवर होता. वाक्याची जागा आली आणि तो गप्प राहिला. मी वाक्य दिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे ऐकू गेलं होतं. मी पुन्हा दिलं. बँकवाल्याला वाक्य येईपर्यंत थांबायचं नाही एवढंच माहीत होतं. तो मारत राहिला. हसणं मागच्या रांगांत थांबलं, मग पुढच्या. मी दिवे घालवायची खूण केली. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच कळलं नाही.

आत बँकवाला घामाघूम उभा होता. "अरे, बोलायचं ना. मी थांबणार कसा?"

इंजिनिअर शर्टाची बाही खाली ओढत होता. मुलगी आत आली, तिने ती बाही वर सारून पाहिली आणि बँकवाल्याकडे वळली.

"अंकल, यू न्यू ही डिडन्ट स्टील इट. व्हाय डिडन्ट यू स्टॉप?"

"बेटा, तो डायलॉग..." म्हणत त्याने दिग्दर्शिकेकडे पाहिलं. तिने माझ्याकडे.

मी सामान गोळा करायला घेतलं. लागू नये म्हणून वेताला मी स्वतः स्पंज गुंडाळून दिला होता. तो टोकापासून अर्ध्यापर्यंत सरकला होता. पुढचा वेत उघडा होता.