व्हॅनच्या उजव्या बाजूचं पान

"हें पान कोणीं मांडलें?"

अम्मांनी विचारलं तेव्हा आम्ही सगळे व्हॅनभोवती उभे होतो. नवी कोरी पांढरी व्हॅन. दोन्ही बाजूंना मी काढलेलं केळीचं पान, पानावर भात, भाज्या, पापड, वडा, पायसम म्हणजे खीर. पुढे हार घातलेला, चाकांखाली लिंबं ठेवलेली. दुपारी ती एका लग्नाच्या हॉलवर निघायची होती. नारळ तेवढा फोडायचा होता, तो सेतुरावांच्या हातातच राहिला.

"मी," मी म्हटलं. वर्गात बाकावर उभं केल्यासारखा आवाज आला माझा.

"तुमच्या घरीं कोणी वारलें काय?"

मी सेतुरावांकडे बघितलं. सेतुराव नारळाकडे बघत होते.

हे सेतुराव म्हणजे माझे क्लायंट. एग्मोरच्या एका गल्लीत त्यांचं मोठं स्वयंपाकघर आहे, लग्नामुंजींची जेवणं करतात. घराणं तंजावरकडचं मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. त्यांच्या आई, म्हणजे अम्मा, मराठी बोलायला लागल्या की कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचतंय असं वाटतं. सेतुरावांना मराठी नीट कळतं, पण बोलायला गेले की दुसरा शब्द इंग्रजी आणि तिसरा तमिळ. धंदा अम्मांनी उभा केला. सह्या सेतुराव करतात.

मी मूळची सांगलीची. नवरा इथल्या मोटारींच्या कारखान्यात, म्हणून चेन्नई. मी बरीच वर्षं शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आयकॉन काढत होते. घंटा, कुलूप, कचऱ्याची पेटी. कचऱ्याची पेटी तर मी इतक्या वेळा काढली की स्वप्नात झाकण उघडायची. शेवटी नोकरी सोडली आणि पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये घरूनच कामं घ्यायला लागले. निघताना मॅनेजर गोड हसून म्हणाला, "दार उघडंच आहे हं." त्या 'हं'चा मला आजही राग येतो. सेतुरावांचं काम हे माझं स्वतःचं पहिलं मोठं काम. व्हॅन, मेनूकार्ड, डबे, पिशव्या, सगळ्यांवर माझी चित्रं. ते बिघडलं असतं तर मुकाट्याने त्या उघड्या दारातून आत जावं लागलं असतं.

आमच्या कामात चित्र ब्रशने रंगवत नाहीत. स्क्रीनवर टिंबं टाकायची, टिंबांमधली रेष हवी तशी वाकवायची आणि आत रंग भरायचा. याला व्हेक्टर म्हणतात. कॉम्प्युटर त्या रेषेचं गणित लक्षात ठेवतो, त्यामुळे तेच चित्र व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर व्हॅनवर, कडा धूसर होत नाहीत. पदार्थ काढायला तसे सोपे. पापड म्हणजे एक गोल आणि त्यावर चार फोड. वडा म्हणजे गोलात गोल.

सोपं आपल्याला वाटतं. वडा बघून सेतुराव म्हणाले, "मॅडम, दिस इज डोनट." मी कडा खडबडीत केल्या. "नाऊ टायर." मग दोन मिरीचे दाणे आणि कढीपत्त्याचा एक तुकडा टाकला, तेव्हा म्हणाले, "शरी." म्हणजे ठीक आहे. सांबाराला वाफ नव्हती म्हणून तक्रार. वाफ दिली तर म्हणाले, आग लागल्यासारखं दिसतंय, लग्नाच्या पार्टीला टेन्शन येईल. मीही इरेला पेटले होते. एकेक पदार्थ त्यांच्या गळी उतरवला आणि शेवटी पूर्ण पान जमवलं. वरून पाहिल्यासारखं. पान आडवं, शेंडा डावीकडे, लांबच्या अंगाला मीठ, लोणचं, भाज्या आणि जेवणाऱ्याच्या अंगाला भात. इकडची पद्धत फोटोंवरून बघून घेतली होती, एक वाटी इकडची तिकडे नव्हती.

घोळ झाला तो गाडीला दोन बाजू असतात म्हणून. डाव्या बाजूला उभं राहून गाडी बघितली की तिचं तोंड आपल्या डाव्या हाताला येतं. पानाचा शेंडाही डावीकडे, म्हणजे पुढे. झकास. उजव्या बाजूने बघितलं की गाडीचं तोंड आपल्या उजव्या हाताला, आणि शेंडा मात्र मागे. सेतुरावांनी ते स्क्रीनवर बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"मॅडम, व्हॅन फ्रंटला जाते, टिप बॅकला जाते. हाऊ? बिझनेस रिव्हर्स?"

सॉफ्टवेअरमध्ये रिफ्लेक्ट नावाची एक कमांड असते. चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं होतं. गाड्यांच्या कामात सर्रास करतात. मी केलं. शेंडा पुढे आला. सेतुराव "सुपर!" म्हणाले, फाइल प्रिंटरवाल्याकडे गेली.

मी सांगलीची बाई! चटणी चुकून उजवीकडे वाढली तर आई हातावर पळी मारायची. ताटाची डावी-उजवी बाजू मला कुणी शिकवायला नको. पण स्क्रीनपुढे बसलं की जेवण हे जेवण राहत नाही, ऑब्जेक्ट होतं. आणि ऑब्जेक्ट उलटा करायला कुणाचं काय जातंय?

तर व्हॅनच्या उजव्या बाजूला उभ्या राहून अम्मांनी बोट ठेवलं. "शेंडा उजवीकडे. असें पान आमच्या घरीं तेराव्याला मांडतात. आणि पायसम डावीकडे. डाव्या हातानें खायचें काय?"

लग्नाच्या हॉलपुढे तेराव्याचं पान घेऊन आम्ही उभे राहणार होतो.

"अम्मा, कोण बघतंय?" सेतुराव म्हणाले.

"मी बघितलें. ही गाडी लग्नाला जायची नाहीं." त्यांनी खुर्ची मागवली आणि सरळ गेटमध्ये मांडून बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पूर्वीं आम्ही फोटो छापत होतों, तेंच बरें होतें. डब्यावरचीं, कार्डावरचीं, सगळीं चित्रें काढून टाका."

झालं! व्हॅनपुरतं होतं ते सगळ्या कामावर आलं. मला त्या गोड हसणाऱ्या मॅनेजरचे दातच दिसायला लागले.

सेतुराव मात्र खटपट्या माणूस. उजव्या बाजूवर पांढरी चादर लावू म्हणाले. अम्मा म्हणाल्या, झाकून नेतात ती गाडी वेगळी असते. हॉलवर व्हॅन भिंतीला चिकटून उभी करू, तर ड्रायव्हर मणी म्हणाला, भिंत डाव्या अंगाला आहे सर. मग मी म्हटलं, गल्लीच्या तोंडाशी प्रिंटरवाला आहे, डाव्या बाजूचंच चित्र परत छापून उजवीकडे लावू. पान तर बरोबर होईल.

"टिप बॅकला!" सेतुराव ओरडले. नारळ अजून हातातच होता. "नो, नो, मॅडम! नवी गाडी, पहिलं लग्न!"

"शेंडा डावीकडे," अम्मा म्हणाल्या.

"अम्मा, त्या साइडला व्हॅन राइटला जाते!"

"तर मग उलटी चालव."

माय-लेकाचं तमिळमध्ये जुंपलं. मला निम्मं कळलं आणि ते निम्मंच पुरेसं होतं. प्रिंटरवाल्याला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, लगेच छापून देतो मॅडम, पण काय छापू ते एकदा ठरवा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच. व्हॅनच्या पायरीवर बसून मी आईला मनातल्या मनात हाक मारली. रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात अम्मांनी भांडण मधेच थांबवलं. "तुम्ही जेवलात?"

"मला भूक नाही."

"बसा. पान कसें असतें तेंही बघून घ्या."

त्या घरात रागावलेल्या माणसालाही उपाशी ठेवत नाहीत. नाही म्हणायची सोय नव्हती. आत स्वयंपाकघराच्या पडवीत खाली बसवलं, पुढे पान. अम्मा समोर उभ्या राहून स्वतः वाढायला लागल्या आणि वाढता वाढता माझी शाळा घेत होत्या. "शेंडा?" डावीकडे. "मीठ?" डावीकडे, वर. "भात?" माझ्या बाजूला. "पायसम?" उजवीकडे, खाली. मी पहिल्या इयत्तेतल्या पोरीसारखी उत्तरं देत होते आणि सांबार-भात कालवत होते. सांबार उत्तम होतं, हे सांगितलंच पाहिजे. राग आलेला असतानाही उत्तम होतं.

अम्मा लोणचं वाढायला वाकल्या. त्यांचा उजवा हात सरळ खाली आला, पानाच्या शेंड्याशी. माझ्या डाव्या टोकाला, त्यांच्या उजव्या.

माझा घास हातातच राहिला.

"अम्मा, तुमच्या बाजूने शेंडा कुठे आहे?"

"डावीकडे."

"माझ्या नाही हो. तुमच्या. तुम्ही उभ्या आहात तिथून."

त्यांनी खाली बघितलं. "उजवीकडे," त्या म्हणाल्या.

"आणि भात?"

"भात... वर. तुमच्यापाशीं."

मी ताडकन उठणार, तर त्या ओरडल्या, "ऐयो, अर्ध्या जेवणांतून उठूं नका!" उजवा हात सांबाराने माखलेला. मग मीच सेतुरावांना ओरडून लॅपटॉप आणायला सांगितला. ते नारळासकट आले.

"फाइल उघडा. डाव्या बाजूचं चित्र. सगळं सिलेक्ट करा. आता रोटेट. रिफ्लेक्ट नाही, रोटेट! तिथे वन एटी टाइप करा."

रिफ्लेक्ट म्हणजे आरसा. रोटेट म्हणजे नुसतं फिरवणं, जसं आपण जेवायला बसलेल्या माणसाच्या समोर जाऊन उभं राहावं. आरशात डाव्याचं उजवं होतं, पण भात बघणाऱ्याच्याच अंगाला राहतो, म्हणून ते पान चुकतं. फिरवलं की शेंडा उजवीकडे येतो आणि भात पलीकडे जातो, जेवणाऱ्यापाशी. पान तेच, बरोबर मांडलेलं. फक्त बघणारा वाढपी होतो. आणि केटरर म्हणजे दुसरं कोण?

सेतुरावांनी एका बोटाने टाइप केलं आणि किंचाळले, "मॅडम, कंपनी शीर्षासन!" त्यांनी पानाबरोबर फर्मचं नावही फिरवलं होतं. मी त्यांना पानावर बसूनच अनडू, अनग्रूप, नाव सोडून बाकीचं सिलेक्ट, असं एकेक करायला लावलं. आयुष्यात इतकं ओरडून मी कुणाला सॉफ्टवेअर शिकवलेलं नाही.

लॅपटॉप माझ्या पानाशेजारी जमिनीवर ठेवला, अम्मांच्या बाजूला तोंड करून. त्यांनी चष्मा लावला. एकदा माझ्या पानाकडे, एकदा स्क्रीनकडे. मीठ, लोणचं, भाजी, पापड, पायसम. एकेक पदार्थाला बोट लावून बघितलं.

"हें पान मी जन्मभर बघितलें," अम्मा म्हणाल्या. "हें माझ्या बाजूचें पान. बसून जेवायला मला कधीं वेळ झाला?"

मला एकदम गलबलून आलं. इतका वेळ मी त्या बाईवर मनात दात-ओठ खात होते, त्याची लाज वाटली. सेतुराव तर आईकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखे बघत होते.

"टिप फ्रंटला आहे, अम्मा," ते हळूच म्हणाले.

"असूं दे. छापा. आणि तुम्ही रसम घ्या, हात वाळला."

प्रिंटरवाल्याने छापलं, जुना स्टिकर ड्रायरने गरम करून सोलला, नवा लावला. नारळ एकदाचा फुटला. व्हॅन वेळेवर निघाली. लग्नाच्या हॉलवर मुलीकडच्या एका काकांनी उजव्या बाजूशी उभं राहून विचारलंच म्हणे, हा भात वर कसा? अम्मांनी त्यांना हाताला धरून व्हॅनच्या दुसऱ्या बाजूला नेलं. जेवायचं असेल तर इकडून बघा, वाढायला येणार असाल तर तिकडून या, असं सांगितलं. काका जेवायला गेले.

डब्यावरची आणि कार्डावरची चित्रं तशीच राहिली. काम टिकलं. मी शोळिंगनल्लूरला गेले नाही, आणि जायचा विचारही नाही.

पुढच्याच आठवड्यात सेतुरावांचा फोन. "मॅडम, बॅक डोअर एम्प्टी आहे. तिथे पण पान टाकू?" मागच्या दारावर शेंडा कुठे करायचा, वर, खाली, रस्त्याकडे की हॉलकडे, यावर मला पुन्हा जेवायला बसायची इच्छा नव्हती. मी तिथे इडली काढली. एक पांढरा गोल, खाली थोडी सावली. तिला शेंडा नाही, डावं नाही, उजवं नाही. आरशात बघा नाहीतर फिरवा, इडली ती इडलीच.

आणि चित्र पाठवताना मी ते सेतुरावांना पाठवलं नाही. आधी अम्मांकडे घेऊन गेले. सही करतो त्याला आपण क्लायंट समजतो. खरा क्लायंट म्हणजे जो गेटमध्ये खुर्ची टाकून बसू शकतो तो.