आनंदीबाईंची पुतळ्यांची माळ

मसुऱ्याची नम्रता जिभेला हाड नसलेली म्हणूनच वाडीत ओळखली जाते, पण पुराव्याशिवाय ती कुणावर तोंड टाकत नाही. सावित्रीआत्याविरुद्धचा पुरावा तर तिच्या माजघरातच टांगलेला होता. नवऱ्याच्या आजीचा, आनंदीबाईंचा, हाताने रंगवलेला मोठा फोटो. गळ्यात सोन्याच्या ठसठशीत पुतळ्यांची माळ. लग्न होऊन आल्यापासून नम्रता विचारत होती, ही माळ गेली कुठे? घरात कुणालाच सांगता येईना, तेव्हा तिनेच ठरवून टाकलं. शेवटच्या आजारपणात आनंदीबाईंची उस्तवार केली ती त्यांच्या लेकीने, सावित्रीआत्याने. म्हणजे माळही तिनेच लांबवली.

मनात ठेवील तर ती नम्रता कसली? लेकीच्या, संचिताच्या, लग्नात भर पंगतीत ती बोलली, "पणजेची माळ आज हिच्या गळ्यात दिसाक होयी होती. पन व्हरतल्यांनी व्हरली." नेणाऱ्यांनी नेली, हा टोमणा जिच्यासाठी होता ती आत्या समोरच्याच पानावर होती. तिने पानातला भात संपवला, हात धुतले आणि निघून गेली. त्यानंतर चतुर्थीला माहेरी तिचं पाऊल पडलं नाही.

यंदा संचिता चतुर्थीला आली ती नवंच खूळ घेऊन. घरातल्या सगळ्या जुन्या बायकांचे फोटो तिला मोबाइलवर घ्यायचे होते. पत्र्याची पेटी उघडली. त्यातून सासू निघाली, चुलतसासवा निघाल्या, आणि तळाशी आनंदीबाईंचा एक लहान फोटो. भिंतीवरच्या फोटोतलंच स्टूल, तीच कागदी फुलं, डावा डोळा तसाच अर्धवट मिटलेला. गळ्यात मात्र काळ्या मण्यांची पोत, बाकी काही नाही.

"आई, माळ मागसून रंगवलेली आसा गो," संचिता म्हणाली.

नम्रताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आळ चारचौघांत घेतला, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी, असं तिच्या मनाने घेतलं. तिने संचिताला तो फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाकायला लावला. खाली लिहवून घेतलं: माळ कधी नव्हतीच, मी आत्याची अपराधी आहे. मग फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने आत्याचं घर गाठलं.

आत्या घरापुढच्या खळ्यात बसून सुपारी सोलत होती. तिने फोटो पदराने पुसला आणि डोळ्यांजवळ धरला.

"आत्या, माका माफ करा," नम्रता म्हणाली. "पन तुमी तेव्हाच कित्याक सांगलास नाय?"

"काय सांगू? आवस गेल्यार फोटो मोठो करूक मियाच दिलंय. जन्मभर तिच्या गळ्यात काय पडला नाय. फोटोवाल्याक म्हटलंय, एक माळ रंगव बरीशी." आईबद्दल बोलताना आत्याचा आवाज चढला नव्हता. "तू माका चोर म्हटलंस, म्हण. पन आवशीचो गळो मोकळो होतो, ह्या कोणाक कळाक नको."

आत्याने फोटो पुन्हा पिशवीत घालून नम्रताच्या हाती दिला.

"पेटयेत तळाकच ठेव. भिंतीर मोठोच ऱवांदे. आनी दुसऱ्या कोणी बघूक नाय मा ह्यो?"

नम्रताच्या पर्समध्ये मोबाइल मघापासून थरथरत होता. मुंबईपासून कणकवलीपर्यंतचे भाऊबंद उत्तरं धाडत होते.

"बघलो आत्या," ती म्हणाली. "सगळ्यांनी."

मान वर करायची तिची हिंमत झाली नाही.