चार जुलैची मुंबई

आमच्या कंपनीच्या सुट्ट्या अमेरिकेच्या पंचांगाने ठरत. दिवाळीला एकच दिवस, तोही तोंड वाकडं करून दिलेला. नाताळात मात्र आठवडाभर शुकशुकाट. पंधरा ऑगस्टला आम्ही कामावर आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, चार जुलैला, घरी. पुण्यात आयटीची नवलाई होती तेव्हा, त्यामुळे यात हसण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटत नसे. उलट 'आम्हाला फोर्थ ऑफ जुलैची सुट्टी असते' हे लोक सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा सांगत.

त्या वर्षी ती सुट्टी साजरी करायचं ठरलं. कुटुंबासह एक दिवस मुंबई. मी एरवी गेले नसते, पण माझं घोडं एका जागी अडलं होतं. माझे बाबा खडकीच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीने त्यांना पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायला सांगितलं होतं. एरवी हा मान कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याला जाई, त्याचं भाषण लांबे आणि पोरं ताटकळत. बाबांनी जन्मात कशाची हौस दाखवली नव्हती. या वेळी मात्र महिना-दीड महिना आधीच पांढरा शर्ट शिवायला टाकून आले आणि मला म्हणाले, "तू हवीस."

मी मॅनेजरकडे रजा मागितली. तो म्हणाला, "क्लायंटला आवडत नाही गं. आधी मुंबईला उत्साहाने ये, मग बघू." म्हणून उत्साहाचा पुरावा द्यायला मी बाबांनाच बरोबर घेतलं.

येरवड्याहून बस सुटली. चढताना प्रत्येकाच्या हातात तारे आणि पट्टे छापलेला टी-शर्ट ठेवला गेला. सगळ्यांनी तो निमूट अंगावर चढवला, आजी-आजोबांनीसुद्धा. बाबांनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं, "फरशी पुसायला बरा आहे," म्हणाले आणि घडी घालून पिशवीत टाकला. आमचा मॅनेजर अस्सल पेठेतला, पण बसमध्ये पाऊल ठेवल्यापासून त्याला मराठी येईनासं झालं होतं.

राज्याच्या राजधानीत आम्ही काय पाहिलं? एका नटाच्या बंगल्याचं बंद फाटक. मग एक मॉल, जिथे पुण्यात मिळतात तेच बूट मिळत होते. तिथे दीड तास मोडला. बाबांची एकच मागणी होती, हुतात्मा चौकात पाच मिनिटं उतरायचं. बस तिथूनच गेली. मॅनेजर म्हणाला, "इथे पार्किंग नाही, अंकल." बाबा काचेतून मान वळवून मागे बघत राहिले. मला बसमधल्या एकूण एक माणसाचा राग आला.

जेवण समुद्राजवळच्या एका हॉटेलात होतं. तिथे क्लायंटचा माणूस आला होता, उंच, लाजरा, पावसाने भिजलेला. दोनेक महिन्यांसाठी भारतात आलेल्या त्या बिचाऱ्याला टाळ्यांच्या गजरात अमेरिकेच्या झेंड्याचा केक कापायला लावला. मॅनेजरने भाषण ठोकलं. आपण सगळे एक कुटुंब आहोत, तुमचा सण तो आमचा सण, वगैरे. पनीर गार होत होतं.

भाषण संपल्यावर बाबा ताट घेऊन थेट त्या पाहुण्याच्या शेजारी जाऊन बसले. पंधरा ऑगस्ट गेला, मी मनात म्हटलं. बाबांनी आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीत त्याला शुभेच्छा दिल्या आणि विचारलं, आजच्या दिवशी तुमच्याकडे ऑफिसं उघडी असतात का? तो म्हणाला, छे, आज कोण जाणार कामावर? मग बाबांनी शांतपणे विचारलं, आमचा स्वातंत्र्यदिन पंधरा ऑगस्टला असतो, त्या दिवशी माझ्या मुलीला कामावर का बोलावता?

पाहुण्याचा काटा हवेतच राहिला. त्याला खरंच काही कळेना. तुम्ही तुमच्या स्वातंत्र्यदिनी काम करता? आम्ही तर असं कधी मागितलं नव्हतं. आम्हाला कोणी सांगितलंच नाही. त्याने मॅनेजरकडे पाहिलं.

"सर, नो प्रॉब्लेम सर, वी आर व्हेरी फ्लेक्सिबल," मॅनेजर म्हणाला.

इतकी वर्षं कोणी न मागता आम्ही आपला स्वातंत्र्यदिन त्यांच्या ताटात वाढत होतो. चटणी वाढावी तसा. पाहुणा ओशाळला, दोनदा माफी मागून म्हणाला, नक्की सुट्टी घ्या. मॅनेजर हसत होता, कारण हसण्याखेरीज त्याला दुसरं काही करता येत नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो माझ्या सीटपाशी आला आणि दबक्या आवाजात, चक्क मराठीत म्हणाला, "वडिलांना जरा आवरायला हवं होतंस." खिडकीकडून बाबांनी उत्तर दिलं, "अहो साहेब, हिच्या आईनेही तो नाद सोडून दिलाय."

पुढच्या आठवड्यात मेल आली. पंधरा ऑगस्टला सुट्टी जाहीर करताना व्यवस्थापनाला आनंद होत होता. माझ्या टीमला झाला नाही. त्या दिवशी काम केलं की फुकट बिर्याणी आणि एक बदली रजा मिळे, ती दिवाळीला जोडता येई. माझ्यामुळे ती बुडाली, असं मला चहाच्या मशीनपाशी ऐकवण्यात आलं. मी म्हटलं, बिर्याणी विकत मिळते.

पंधरा ऑगस्टला आमच्या सोसायटीतली आयटीवाली मंडळी सकाळीच गाड्या काढून खडकवासल्याला भजी खायला गेली. खाली जमले ते बहुतेक पेन्शनर आणि त्यांची नातवंडं. बाबांनी नव्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. त्यांनी दोरी ओढली, झेंडा पहिल्याच झटक्यात उलगडला, आणि त्यांच्याकडे बघण्याच्या नादात राष्ट्रगीताची पहिली ओळ माझी म्हणायचीच राहून गेली. बाबा मात्र खणखणीत म्हणत होते, नेहमीप्रमाणे बेसूर.

नंतर जिलेबी वाटताना चेअरमन माझ्याकडे बघत म्हणाले, "अरे वा, आज तुम्ही इथे? अमेरिकेने सोडलं वाटतं शेवटी!"

"अमेरिकेने अडवलंच नव्हतं," बाबा म्हणाले. "घ्या, जिलेबी घ्या."