पिस्तुलाची पसंती

आमच्या बँकेच्या रखवालदाराची बंदूक दुरुस्तीला दिली होती. तिच्यासाठी मी सलग तीन शनिवार हजरतगंजातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो, आणि तिन्ही वेळा तेच एक गृहस्थ तिथे होते. साठीचे, पांढरा कुर्ता, हातात परवान्याची वही. समोर दोन रिकामी पिस्तुलं, दोन्ही प्लॅस्टिकच्या सांगाड्याची, वजनाला हलकी. डोळे मिटून ते एकेक उचलत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखत, मग डोळे उघडून नेम कुठे गेला ते बघत. दशहरी आंबा पिकलाय का पाहावं तसा मुठीवर अंगठा दाबत. शेवटी दोन्ही परत करून म्हणत, "सोचकर बताते हैं."

तिसऱ्या शनिवारी मला राहवलं नाही. "इतना क्या सोचना? दोनों एक जैसी तो हैं."

ते हसले. "लाइसेंस बेटों की ज़िद है, भाईसाहब. जब तक हम चुन रहे हैं, घर में पिस्तौल नहीं है. बेगम चैन से सोती हैं."

दुकानदाराने सगळं ऐकलं होतं. दोन्ही पिस्तुलं पुसून कपाटात ठेवत त्याने शांतपणे विचारलं, "तो अगले शनिचर, हुज़ूर?"

गृहस्थांनी मान डोलावली आणि मनासारखी खरेदी झाल्यासारखे प्रसन्नपणे, रिकाम्या हातांनी बाहेर पडले.