भिंतीला कान लावणारे चाचा

आमच्या घरात पाऊल टाकल्यावर चाचांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "भाभी, झाकायचं न्हाई. आधी खोलून बघायचं."

रंगारी भिंत झाकायलाच येतो, अशी माझी समजूत होती. तुमचीही असेल.

लातुरात तेव्हा भूकंपाला दहा वर्षं होत आली होती. शिकवणीवर्गांसाठी गावोगावची मुलं शहरात येत होती आणि आमच्या गल्लीत घरोघरी मुली राहायला होत्या. नवऱ्याची नोकरी हिमायतनगरला. घरात मी आणि सासूबाई. आम्हीही दोन-तीन मुली ठेवायचं ठरवलं. पण त्यांचे वडील यायचे, दारातूनच आत बघायचे आणि परत फिरायचे. दारातल्या बोळात अडगळ, बैठकीत माळ्याचा अंधार, पोपटी तेलरंग आणि समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत भूकंपाची चीर. त्या पहाटेपासून सासूबाई स्वतः बैठकीत बसल्या नव्हत्या. मागच्या दारानं यायच्या-जायच्या.

मग किल्लारीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. ती उंबऱ्यापाशीच थांबली. चिरेकडे बघत वडिलांची बाही धरून म्हणाली, "दादा, इथं न्हाई."

"लहान होती, ढिगाऱ्यातून काढली तिला," ते खाली बघत म्हणाले. "आजी गेली तिची."

मी म्हणाले, "आठ दिवस द्या मला." पदरी फार काही नसताना म्हणाले.

म्हणून चाचा. साठीचे, सडपातळ, दाढीत कायम चुन्याचे ठिपके. मी त्यांना शेजारणीसारखा गुलाबी रंग सांगितला.

"गुलाबी? भाभी, घर हाय का बर्फाचा गोळा?"

पहिल्याच दिवशी त्यांनी छिन्नी घेऊन चिरेवरचा गिलावा उडवला. सासूबाई आतून ओरडत आल्या, "अरं, घर पाडतोस का!"

चाचांनी काम थांबवलं. "माई, या. हात घाला. ईट फुटलेली असंल तर मी रंगाला हात लावणार न्हाई, आधी गवंडी बोलवा म्हणंन."

सासूबाईंनी पुढं होऊन विटांवरून बोटं फिरवली. विटा अखंड होत्या. चीर नुसत्या गिलाव्याची होती. इतकी वर्षं आम्ही गिलाव्याला भ्यालो होतो. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि चाचा उगाचच छिन्नीची धार बघत बसले.

"नवं काही आणू नका," ते म्हणायचे. "घरातच लई सामान हाय." माळा उतरवला. त्याच्या सागवानी फळ्यांचा बैठा दिवाण झाला, उरलेल्यांची बोळात चपलांची मांडणी. कपाट सरकवलं तर मागं बंद केलेली खिडकी निघाली. शहाबादी फरशी मी आणि सासूबाईंनी विटकरीनं घासली. तेलरंग खरवडून भिंतींना चुन्यात किंचित पिवळी माती. पडद्यासाठी सासूबाईंनी आपलं जुनं इरकल लुगडं काढून दिलं, न मागता.

सगळं झालं, तरी त्या भिंतीवर चाचांनी तळहाताएवढी जागा उघडीच ठेवली. मी कुरकुरले.

"पोरगी येऊ द्या. तिनं बघितल्याबिगर बुजवायची न्हाई."

ती आली. बोळातल्या उजेडात चप्पल काढली, वर बघितलं. डोक्यावर माळा नव्हता. मग थेट भिंतीपाशी गेली. विटेवर बोट फिरवलं, नखानं टोकरलं. चाचा थापी घेऊन तयार उभे. शेवटी ती वळली.

"काकू, माझी कॉट कुठं?"

चाचांनी तिच्यासमोरच ती जागा लिंपली. त्या महिन्यात आणखी दोघी आल्या.

नंतर चाचा वरचेवर यायचे, अनोळखी माणसं घेऊन. "भाभी, जरा बैठक दाखवतो यांना." जणू घर त्यांचंच. सासूबाई त्या पाहुण्यांना भिंतीची हकीकत सांगायच्या, दर वेळी थोडी वाढवून.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण डोळ्यांपुढं येतो तो दिवस वेगळा आहे. किल्लारीच्या त्या मुलीला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला, तो. सासूबाईंनी चाचांना मुद्दाम बोलावून घेतलं. इस्त्रीचा कुर्ता घालून आले. दिवाणाच्या अगदी कडेला बसले. मुलीनं पेढा हातावर ठेवून पायांना हात लावला. पेढा तसाच धरून ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. गल्लीतून जो जाईल त्याला मान हलवून सांगत होते, या, आत या.