पाथवे सरांचा तेरा वर्षांखालील संघ

माझ्या मुलाचं, सोहमचं, वय मी कागदावर दीड वर्षाने कमी केलं, हे आधीच सांगून टाकतो. मी शाळेत क्लार्क आहे. दाखल्यांवरच्या जन्मतारखा तपासणं हेच माझं काम. त्यामुळे नकळत घडलं, असं म्हणायची सोयही मला नाही. कल्पना पाथवे सरांची होती. कागद मी केला.

सरांचं खरं नाव नाशिक रोडच्या त्या मैदानावर कुणीच घेत नसे. "आपण पोरांना नुसतं खेळवत नाही, पाथवे देतो, वर जायची वाट," हे ते इतक्यांदा म्हणत, की आम्ही पालकांनी त्यांचं बारसंच करून टाकलं. फुटबॉल क्लब शाळकरी पोरांचा. फलकावर मात्र 'व्यावसायिक अकादमीचे प्रवेशद्वार'. सर एकदा सहलीबरोबर आठ दिवस स्पेनला जाऊन आले होते आणि तिथल्या मुलांचा सराव त्यांनी कुंपणाबाहेरून पाहिला होता. तेवढ्या भांडवलावर ते सहा वर्षं "स्पेनमध्ये असं नसतं हो" म्हणत राहिले. मैदानात पाणी साचलं, पंच उशिरा आला, कुणा पालकाने शंका काढली, यातलं काहीच स्पेनमध्ये नसे.

खेळाडू पारखायची त्यांची रीत सोपी होती. गोलच्या खांबावर रंगाची एक रेघ होती. डोकं रेघेच्या वर गेलं की पोरगं संघात, खाली राहिलं की बाकावर. मग मागून उंच लाथ हाणायची आणि थोराड पोरांनी चेंडूमागे सुटायचं. चषक मिळत, चषकांचे फोटो ग्रुपवर पडत, फोटो बघून नवे पालक येत. "सर, यांना पास द्यायला कधी शिकवणार?" मी एकदा विचारलं.

"पास फोटोत दिसत नाही, सोहमचे पप्पा."

अकादमीत त्यांचं एकही पोरगं निवडलं गेलं नाही. पण चाचणीला जाऊन आलेल्या प्रत्येकाचं नाव ते फलकावर चढवत, 'अकादमीचा अनुभव असलेले खेळाडू' म्हणून.

पिंपळगाव बसवंतहून साहिल यायचा. त्याचे वडील द्राक्षांच्या पॅकहाऊसवर टेम्पो चालवायचे. चेंडू त्याच्या पायाशी पाळल्यासारखा राही, पण डोकं रेघेच्या चार बोटं खाली. वडील विनवायचे, "सर, पोरगं लय मनापासून खेळतंय. धा मिनिटं तरी उतरवा."

"पाथवेत घाई नाय चालत, भाऊ."

साहिलच्या जागी माझा सोहम खेळायचा. त्याला तेरा पूर्ण झाली, तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. "वय म्हणजे शेवटी कागदच ना? आणि कागद तुमच्याच टेबलावर असतो." मी नाही म्हणालो नाही. सोहमचा फोटो मलाही आवडत होता.

मोठ्या अकादमीच्या चाचणीत वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांनी माझा कागद मानला नाही. सोहम बाद झाला. त्यानंतर त्याने खेळायचे बूट पुन्हा घातले नाहीत. सर एवढंच म्हणाले, "स्पेनमध्ये एक्स-रे नसतो हो." पुढच्याच महिन्यात त्यांनी क्लब गुंडाळला. आता ते दुसऱ्या उपनगरात स्केटिंग शिकवतात. तिथेही पाथवे आहे म्हणे. सरांना हसणं सोपं आहे, मीही हसतो. पण त्यांनी फक्त सुचवलं होतं.

वर्षभराने मी सोहमपाशी चूक कबूल केली. तो म्हणाला, "मला काय सांगता, पप्पा? साहिलला सांगा."

रविवारी पिंपळगावला गेलो. पॅकहाऊसमागे क्रेट मांडून केलेल्या गोलसमोर साहिल एकटाच खेळत होता. मी सगळं सांगितलं. तो चेंडू पायाखाली दाबून ऐकत राहिला.

"म्हंजे मी बाकावर बसायचो, तवा तुमाला माहीत होतं, काका?"

"हो. दर सामन्याला."

"मला वाटायचं, मीच कमी पडतो."

"तू कमी पडत नव्हतास, साहिल. तुझी जागा मी घेतली होती. मला माफ कर."