रेकॉर्डिंगच्या नादात सोडलेली स्कूटर

गेम रेकॉर्ड करायच्या नादात मी माझी स्कूटर सोडली होती, हे आज कबूल करून टाकते. गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा मी नुकती साठी ओलांडलेली पोरगी होते, आणि आपल्याला सगळं कळतं असं त्या पोरगीला ठाम वाटायचं.

नात शिकायला पुण्याला गेली आणि जाताना तिचा गेमचा डबा आमच्या टीव्हीखाली ठेवून गेली. त्यातल्या गाड्यांच्या शर्यतीचं मला असं वेड लागलं, की कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मी ह्यांच्याकडं दिलं. एकदा फोनवर नातीला सांगितलं, "घाटातला तुझा विक्रम मोडला मी."

"आजी, थापा नको मारू. रेकॉर्डिंग पाठव," ती म्हणाली आणि तिनं खेळ रेकॉर्ड करायचं कॅप्चर कार्ड धाडलं.

कार्ड म्हणजे काडेपेटीएवढी डबी. एका भोकात गेमची वायर, दुसऱ्यातून टीव्हीला, तिसऱ्यातून लॅपटॉपला. लॅपटॉप जुना, नातीनं त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलेलं. लिनक्सला ही डबी म्हणजे आणखी एक कॅमेराच वाटते. मला हे कुठलं माहीत? यादीतला पहिला कॅमेरा निवडला, तर शर्यतीच्या जागी डोक्याला मेंदी थापलेली एक बाई माझ्याकडं रागानं बघत होती. दुसरा निवडला तेव्हा गाडी दिसली. झालं, बाई इंजिनिअर झाल्या.

टीव्हीवर ह्यांच्या बातम्या चालू होत्या, म्हणून टीव्हीची वायर मी लावलीच नाही. लॅपटॉपवरच बघत खेळायला बसले आणि पहिल्याच वळणावर भिंतीत घुसले. पुन्हा खेळले, पुन्हा भिंत. आठवडाभर हेच. बटण दाबून गाडी वळेपर्यंत भिंत आलेली असायची.

मी घाबरले. आपले हात गेले, असंच वाटलं. आईचेही शेवटी मंदावले होते. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी नाकाला बोट लावायला सांगितलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि म्हणाले, "काही झालेलं नाही." मी मनात म्हटलं, ह्या डॉक्टरांना काय कळतंय. घरी आले आणि स्कूटरची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली. खेळात भिंत असते, रस्त्यावर पोरं असतात.

मग भाजीला जायचं तर हे पुढं, मी मागं. ह्यांचा वेग असा, की एमआयडीसीतून सुटलेले सायकलवाले आम्हाला ओलांडायचे आणि वर वळून बघायचे. मी मागं बसून रोज थोडी म्हातारी होत होते.

नातीचा फोन आला. "रेकॉर्डिंग कुठंय?" मी रडवेली होऊन हातांचं सगळं सांगितलं.

"आजी, खेळताना तू बघतेस कुठं?"

"लॅपटॉपवर. टीव्ही तुझ्या आजोबांचा असतो की."

"अगं, लॅपटॉपवर चित्र उशिरा येतं. तिथं फक्त रेकॉर्ड करायचं. बघायचं टीव्हीवर."

फोन ठेवला, ह्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि वायर लावली. बटण दाबलं. टीव्हीतली गाडी वळून पुढं गेली, लॅपटॉपमधली अजून विचारच करत होती. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी हसत सुटले, मग पदर डोळ्याला लावला, मग बातम्या बुडवून घाटाचा विक्रम पुन्हा मोडला आणि तो रेकॉर्डिंगसकट पुण्याला पाठवला.

मग ह्यांच्यापुढं हात केला, म्हटलं, "किल्ली द्या."

ह्यांनी खिशातनं किल्ली काढली आणि म्हणाले, "तुजे हात कुटं गेलेत? म्हैस आडवी आली की मला दिसायच्या आदी तू माजा खांदा आवळायचीस. तवाच कळलं हुतं मला. पन म्हटलं, इतक्या वर्षांत पयल्यांदा मागं बसलीयास, कशाला बोला."